अफवांचीही निगराणी हवी

फाइव्ह-जीमुळे करोना पसरतो, या अफवेपायी २०२० मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये मोबाइल मनोरे पेटवण्यात आले. अफवा एकच असली, तरी प्रत्येक भाषेत ती वेगळे रूप घेते. तिचा माग स्थानिक माणसेच काढू शकतात. युरोपीय आयोगाने त्याच वर्षी सुरू केलेल्या डिजिटल माध्यम वेधशाळेची प्रादेशिक केंद्रे पुढे २७ सदस्य देश आणि नॉर्वेपर्यंत पोहोचली. तेथे विद्यापीठे, तथ्यपडताळणी करणारे पत्रकार आणि माध्यमशिक्षक एकत्र काम करतात. पैसा सार्वजनिक, पण खोटे काय, याचा निवाडा आयोग करत नाही.

हा भेद कळीचा आहे. भारतात केंद्राविषयीच्या मजकुराची सत्यता सरकारी कक्षानेच ठरवण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली, ती उगाच नव्हे.

युरोपातील उणीव वेगळी आहे: केंद्रांचा निधी ठरावीक मुदतीचा असतो. लसीविषयीच्या अफवा मात्र अनुदानाची मुदत पाहून उठत नाहीत. साथरोगांच्या निगराणीसाठी साथ नसतानाही खर्च होतो. अफवांच्या निगराणीलाही तोच न्याय हवा: निधी कायमचा आणि निर्णय स्वतंत्र.