दवाखाना पारावर

सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला २०२४ पासून आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतचे विमाकवच मिळू लागले, चांगलेच झाले. पण ते कामी येते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रक्तदाबाची रोजची गोळी संपली तर आजींनी एसटी धरून तालुक्याला जायचे? मुलगा पुण्यात, सून कामावर. मग गोळी अर्धी तोडून घेतली जाते. इथे फिरता दवाखानाच उपयोगी. ठरल्या वारी गाडी पाराशी थांबते. दंडाला पट्टा, बोटाला सुई, पुढच्या फेरीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या हातात. हेल्पएज इंडिया ही संस्था हे काम वर्षानुवर्षे करते आहे. आमचे म्हणणे एवढेच, की गाडीचा वार चुकता कामा नये. दोनदा चुकला, की म्हातारी माणसे यायचीच थांबतात. तुमच्याकडे अशी गाडी येत असेल, तर शेजारच्या आजोबांना तिचा वार जरूर सांगा.