टेकडीवरच्या बसचा तोटा कोण भरतं?

बस तोट्यात चालते, असं एकदा म्हटलं की पुढचं सगळं बोलणं बंद होतं. भाडं का वाढवलं? बस तोट्यात आहे. फेऱ्या का कमी केल्या? बस तोट्यात आहे. कंडक्टर का काढला? तोटा. अधिकारी हे म्हणतात, वर्तमानपत्रं म्हणतात, आणि हळूहळू स्टॉपवर ताटकळत उभी असलेली बाईसुद्धा म्हणायला लागते, "काय करणार ताई, त्यांनाही परवडत नाही." मैत्रिणींनो, यातलं हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. सगळ्यांचं जेवण झाल्यावर "मला भूकच नव्हती" म्हणत उरलंसुरलं खायची सवय घरानं आपल्याला लावली. तीच सवय आता शहर लावतं आहे.

तोटा हा शब्द कुणाच्या वहीतला आहे, हे एकदा तपासून पाहायला हवं. त्यासाठी मुंबईतला एकच चढ घेऊ.

ग्रँट रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की नाना चौक, पुढे केम्प्स कॉर्नर, आणि तिथून बाळ गंगाधर खेर मार्गाचा चढ लागतो. तो थेट हँगिंग गार्डन आणि कमला नेहरू उद्यानापर्यंत जातो. दुसरी वाट गिरगाव चौपाटीवरून वाळकेश्वर रोडनं तीन बत्तीकडे आणि बाणगंगेकडे चढते. १०३ वाळकेश्वरची आणि १०६ कमला नेहरू पार्कची, हे आकडे दक्षिण मुंबईतल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहेत. बहुतेकांच्या आठवणीत ही सुट्टीतली बस आहे. पोरांना म्हातारीचा बूट दाखवायला न्यायचं, वरून चौपाटी बघायची, भेळ खायची आणि परत यायचं.

पण सकाळी सात ते नऊच्या दरम्यान याच बसमध्ये बसून बघा. तेव्हा बूट बघायला कुणी चाललेलं नसतं. लालबाग-परळच्या चाळींतून, गिरगावच्या वाड्यांतून आणि लोकलनं थेट उपनगरांतून आलेल्या बाया वर चाललेल्या असतात. कुणी चार घरच्या पोळ्या करणारी, कुणी धुणी-भांडी करणारी, कुणी बाळाला सांभाळणारी, कुणी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची रात्रपाळीवाली सुटायच्या आत पोहोचायची घाई असलेली. या टेकडीवर राज्यपालांचं निवासस्थान आहे, मंत्र्यांचे बंगले आहेत, देशातली सर्वांत महागडी घरं आहेत. त्या घरांतला चहा, डबा, लादी, लंगोट आणि औषधाची वेळ ही सगळी या बसवर अवलंबून असते. एक दिवस या बाया वर चढल्या नाहीत तर टेकडीवरच्या किती साहेबांना वेळेवर ऑफिस गाठता येईल?

यातल्या कितीतरी घरांचा इतिहास गिरणगावचा आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि अनेक घरं बाईच्या कमाईवर उभी राहिली. कुणी खाणावळ चालवली, कुणी भाजी विकली, कुणी दुसऱ्याच्या घरचं काम धरलं. गिरणी चाळीपासून चालत जायच्या अंतरावर होती. ही नवी कामं बसच्या अंतरावर होती. म्हणजे पुरुषाची नोकरी गेली आणि बाईच्या माथी कामाबरोबर तिकीटही आलं. त्या तिकिटाची नोंद कुठल्याच वहीत नाही.

कुणी म्हणेल, एवढासा चढ, चालत जावं. वाळकेश्वरचे यात्रेकरू पूर्वी चौपाटीवरून सिरी रोडनं पायीच चढत. तो रस्ता इतका उभा, की शिडीवरून त्याचं नाव पडलं असं सांगतात. पण यात्रेकरू वर्षातून एकदा चढतो आणि वर पोहोचल्यावर बसतो. आमची बाई वर पोहोचल्यावर उभी राहते. ओट्यासमोर, मोरीत, इस्त्रीच्या टेबलापाशी, दुपारपर्यंत. चाळिशीतच जिचे गुडघे बोलायला लागलेत, तिला तो चढ पगाराच्या कामाआधीचं बिनपगारी काम आहे. शिवाय पावसाळा. ५ ऑगस्ट २०२० च्या मुसळधार पावसात याच खेर मार्गावर दरड कोसळली आणि रस्ता दीर्घकाळ बंद राहिला. मोटारवाला अशा वेळी वळसा घालतो. पायी चालणारीनं काय करायचं?

रिक्षा का करत नाही, असं उपनगरातल्या मैत्रिणी विचारतात. मुंबई बेटावर रिक्षाला परवानगीच नाही. टॅक्सीचं कमीत कमी भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. तेव्हा आमच्या बाईपुढे दोनच पर्याय राहतात, बस किंवा पाय. आणि बस वेळेवर आली नाही तर तिच्या पगारातून खाडा कापला जातो, किंवा "रोज रोज काय गं तुझं" हे ऐकून घ्यावं लागतं. ताटकळण्याची किंमत ती अशी रोकड मोजते. तोटा म्हणायचा तर हा तोटा आहे, आणि तो ती महिन्याच्या महिन्याला भरते आहे.

आता भाड्याकडे येऊ. जुलै २०१९ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ रुपये झालं, वातानुकूलित बसचं ६ रुपये. प्रवासी वाढले. स्वस्त केलं की लोक बसमध्ये येतात, हे त्या वेळी सिद्ध झालं. ९ मे २०२५ पासून तेच भाडं १० आणि १२ रुपये झालं, सरळ दुप्पट. जिला जाता-येता दोन-दोन बस कराव्या लागतात, तिचा हिशोब मांडा. चार तिकिटं, दिवसाला २० रुपयांचे ४० झाले. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२० चे १,०४० झाले. समोर वातानुकूलितच बस आली तर १,२४८. कित्येक जणींच्या बाबतीत एका घरच्या भांड्यांच्या पैशातला मोठा वाटा बसमध्येच संपतो. त्यामुळे बाई काय करते? एक बस सोडते. ग्रँट रोडपर्यंत चालत येते, किंवा चढ तरी पायी चढते. वाचलेले दहा रुपये पोराच्या वहीला जातात. आकडेवारीत ही बाई "कमी झालेला प्रवासी" म्हणून येते, आणि प्रवासी कमी झाले म्हणून फेरी कमी होते.

याच काळात दुसऱ्या बाजूला काय घडलं ते पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर लहान मोटारींचा टोल माफ झाला. त्यानंतर सातच महिन्यांत बसचं भाडं दुप्पट झालं. मार्च २०२४ पासून खुल्या होत गेलेल्या सागरी किनारा मार्गावर सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च झाले. त्याचे दोन्ही बोगदे, प्रत्येकी दोन किलोमीटरचे, याच मलबार हिलच्या पोटातून जातात. त्यांना टोल नाही. म्हणजे टेकडीच्या खालून मोटारीनं जाणाऱ्याला रस्ता फुकट, आणि टेकडीवर कामाला चढणाऱ्या बाईला दहा रुपये. बोगद्याला कुणी "तोट्यातला बोगदा" म्हटलेलं तुम्ही ऐकलंत का? उड्डाणपुलाला, रस्त्यावरच्या दिव्यांना, अग्निशमन दलाला तोटा होतो का? त्यांच्या बाबतीत शब्द बदलतो. तिथे त्याला विकास म्हणतात, गुंतवणूक म्हणतात, नागरी सुविधा म्हणतात. बसच्या वाट्याला तेवढा तोटा येतो, कारण त्या बसमध्ये कोण बसतं ते ठरवणाऱ्यांना ठाऊक आहे.

टेकडीवर मार्च २०२५ मध्ये झाडीतून जाणारा एक उन्नत लाकडी मार्गही सुरू झाला. लोकांनी झाडं बघावीत, पक्षी बघावेत, आमची तक्रार नाही. एवढंच म्हणणं आहे की टेकडीवर हौसेनं चालणाऱ्यांसाठी पालिकेला पैसा आणि कल्पना दोन्ही सुचतात. नाइलाजानं चालणारीसाठी तिजोरी रिकामी असते.

टेकडीवरच्या वळणांना, अरुंद गल्ल्यांना आणि उभ्या चढाला लहान बस योग्यच आहे. लहान बस म्हणजे कमी दर्जाची बस, असं मानायचं कारण नाही. लहान गाडी हवी, पण ती दर थोड्या मिनिटांनी हवी. घडलं ते उलट. लहान गाड्या आल्या त्या कंत्राटदारांच्या. गाडी त्याची, ड्रायव्हर त्याचा, पाटी तेवढी बेस्टची. जून २०१९ च्या करारात बेस्टनं स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखायचं कामगार संघटनेला कबूल केलं होतं. २०२५ संपेपर्यंत स्वतःच्या गाड्या हजाराच्याही बऱ्याच खाली गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला आणि शहर अडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका कंत्राटदारानं परवडत नाही म्हणून मिनी बसगाड्यांचा अख्खा ताफाच काढून घेतला. ७ ऑगस्ट १९४७ ला जी सेवा खासगी कंपनीकडून घेऊन शहराच्या मालकीची केली, ती आज तुकड्यातुकड्यानं परत खासगी हातांत गेली आहे. यात ड्रायव्हर आपला शत्रू नाही, हे गटांमध्ये स्पष्ट बोलायला हवं. कमी पगारावर, नोकरीची शाश्वती नसताना तो तो चढ दिवसातून अनेकदा चढवतो. घरकामगार बाई आणि कंत्राटी ड्रायव्हर, दोघांनाही एकाच तर्कानं स्वस्त ठेवलं आहे.

मध्यंतरी काही मार्गांवर कंडक्टरशिवाय बस चालवून पाहिल्या. पैसे वाचवण्याचा हाही एक मार्ग. पण कंडक्टर म्हणजे नुसतं तिकीट फाडणारा माणूस नाही. गर्दीत कुणी अंगचटीला आलं तर "मास्तर, गाडी थांबवा" असं ओरडायला समोर एक माणूस लागतो. डावीकडच्या राखीव जागेवर बसलेल्याला उठवायला लागतो. रात्री उशिरा उतरणाऱ्या आयाबाईला लागतो. आपल्या सुरक्षिततेवर परिसंवाद भरवायचे आणि बसमधला साक्षीदार काढून टाकायचा, हे एकाच वेळी कसं चालेल?

२०१९ मध्ये बायकांसाठी तेजस्विनी बस आल्या. स्वागत आहे. पण स्वतंत्र बस हे उत्तर पुरेसं नाही. छेडछाड गर्दीत होते, आणि गर्दी फेऱ्या कमी असल्यामुळे होते. दिवसातून मोजक्या वेळी येणाऱ्या खास बसपेक्षा दर दहा मिनिटांनी येणारी साधी बस बाईला अधिक सुरक्षित ठेवते.

सवलतीचं बोलू. दिल्लीत ऑक्टोबर २०१९ मध्ये, तमिळनाडूत मे २०२१ मध्ये, कर्नाटकात जून २०२३ मध्ये आणि तेलंगणात डिसेंबर २०२३ मध्ये बायकांचा बसप्रवास मोफत झाला. आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. गावाहून मुंबईला येताना जी बाई सन्मानास पात्र असते, ती मुंबईत उतरून शहरी बसमध्ये चढली की तिचा सन्मान कुठे जातो? मे २०२५ ची भाडेवाढ करताना तिचा विचार कुणी केला?

"फुकट कशाला? आम्ही भिकारी आहोत का?" हा प्रश्न आपल्याच बैठकांमध्ये येतो, आणि तो विचारणारी बाई स्वाभिमानी असते. तिला माझं उत्तर असं आहे: फुकट कोण घेतं आहे ते आधी बघ. तू रोज जो चढ चढतेस त्याचे पैसे तुला कुणी देत नाही. ताटकळलेल्या वेळाचे नाहीत, खाड्याचे नाहीत. घरी परतताना ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत थांबतेस, रेशन घेतेस, सासूची औषधं आणतेस, त्या प्रत्येक थांब्याला नवं तिकीट लागतं, त्याचेही नाहीत. पुरुषाचा प्रवास बहुधा घर ते काम असा सरळ असतो. बाईचा तुकड्यातुकड्याचा असतो आणि प्रत्येक तुकड्याला किमान भाडं पडतं. शहर तुझ्याकडून कितीतरी फुकट घेतं. तिकिटातली सवलत ही त्यातली थोडीशी परतफेड आहे.

"मग गरीब पुरुषांनी काय करायचं?" असंही विचारतात. त्यांच्यासाठीही भाडं परत पाच रुपयांवर आणा, आम्ही मोर्चात त्यांच्या पुढे असू.

मागण्या तीन आहेत. बायकांना निदान एसटीइतकी सवलत बेस्टमध्ये मिळावी, आणि एकाच तिकिटावर ठरावीक वेळात बस बदलता यावी. टेकडीवरच्या आणि वस्त्यांमधल्या लहान बसच्या फेऱ्या, शिफ्टच्या वेळा बघून, बायकांना विचारून ठरवाव्यात, आणि प्रत्येक बसमध्ये कंडक्टर असावा. आणि बेस्टच्या तुटीचा भार भाड्यावर न टाकता, ज्या तिजोरीतून बोगदे होतात त्याच महापालिकेच्या तिजोरीतून भरावा.

१९७२ च्या महागाईविरोधी लढ्यात मुंबईच्या बाया लाटणं आणि थाळी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांच्या हातात तेल-साखरेचा घरचा हिशोब होता. म्हणूनच मंत्र्यांना त्यांना उत्तर देता येईना. आपल्यालाही तसाच हिशोब लागेल. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एका महिन्याची तिकिटं आणावीत. त्यांच्याबरोबर एका कागदावर लिहून आणावं: किती मिनिटं थांबले, किती वेळा चढ पायी चढले, किती खाडे कापले गेले. लिहिता येत नसेल त्या मैत्रिणीचं दुसरीनं लिहावं. हे सगळे कागद एकत्र बांधून आपण बेस्टच्या कुलाब्याच्या कार्यालयात नेऊ आणि त्यांच्या ताळेबंदाशेजारी ठेवू. तोटा कुणाच्या वहीत जास्त आहे, ते मग दोन्ही वह्या उघड्या ठेवून बोलता येईल.