पंप नवा, पाणी बोअरचं

एप्रिल लागला की जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांत ‘गाडी हीट मारते’ ही तक्रार दिवसातून किती वेळा ऐकू येते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. मेमध्ये पारा 45 अंशांच्या पुढे जातो. संध्याकाळी सातलाही डांबराची धग अंगावर येते. अशा हवेत एखादी जुनी ओम्नी लग्नाचं वऱ्हाड कोंबून आणि टपावर भांडी बांधून लळिंगचा नाहीतर कोंडाईबारीचा घाट चढू लागते, आणि नेमका तिथेच वॉटर पंप हात टेकतो.

मारुतीची ही व्हॅन 1984 मध्ये बाजारात आली, पुढे ओम्नी झाली आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज एमएच-19 आणि एमएच-18 च्या पाट्या लावून शाळेची पोरं, दुधाचे कॅन आणि केटरिंगची पातेली वाहणाऱ्या ओम्नीत नवी म्हणावी अशी एकही नाही. तिच्याआधी हीच कामं बजाज टेम्पोची मॅटेडोर करायची. तिच्या काळात पंप बाद झाला की लेथवाल्याकडे बेरिंग आणि सील दाबून घेऊन तोच पुन्हा उभा करायची पद्धत होती. ते कसब आता जुन्या मिस्तरींच्या हातातच राहिलंय. ओम्नीचा पंप अख्खा मिळतो, अख्खा बदलतो. त्यात वाईट काहीच नाही. पण जुना पंप हातात घेऊन तो कशाने गेला हे पाहायची सवयही त्याबरोबर सुटली, आणि आमची तक्रार तेवढीच आहे.

जळगावात अजिंठा चौफुलीच्या बाजूला एका गॅरेजच्या बाकावर असाच एक उतरवलेला पंप आम्ही नीट पाहिला. इम्पेलरच्या पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या. त्यांच्या मुळाशी पांढरा, खडूसारखा क्षार आणि त्यावर गंजाचा तांबडा गाळ. शाफ्ट बोटांत धरून हलवला तर खडखड. बॉडीच्या खालच्या अंगाला जे बारीक छिद्र असतं, त्यात कुणीतरी एम-सील भरून वरून हात फिरवला होता. गाडी तिथून निघाली तेव्हा तिच्यात नवा पंप होता आणि रेडिएटरमध्ये गॅरेजच्याच बोअरचं बादलीभर पाणी.

ते छिद्र कशासाठी असतं हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे, नव्या पोरांसाठी लिहितो. शाफ्टच्या एका अंगाला बेरिंग, दुसऱ्या अंगाला पाणी आणि दोघांच्या मध्ये सील. सील म्हणजे सिरॅमिकच्या गुळगुळीत तोंडावर स्प्रिंगने दाबून धरलेली कार्बनची रिंग. या दोन तोंडांमध्ये पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा राहतो, तेच त्यांचं वंगण. त्यात क्षाराचा किंवा गंजाचा कण शिरला की चरा पडतो आणि पाणी झिरपू लागतं. झिरपलेलं पाणी बेरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं आणि आपल्याला दिसावं, म्हणून ते छिद्र. ते बुजवलं की पाणी बेरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं. मग आज थेंब थेंब गळणारा पंप पंधरवड्यात घरघरतो, आणि नशीब खोटं असलं तर घाटात पुलीच डगमगून पट्टा फेकतो.

ओम्नीत हे लवकर लक्षात येत नाही, कारण इंजिन पुढच्या सीटखाली. बॉनेट उचलून येता-जाता नजर टाकायची सोय नाही. ड्रायव्हरला पहिली खबर मिळते ती बुडाखालच्या चटक्याने. एलपीजी किट असलेल्या गाडीत मात्र एक खूण आधीच दिसते. गॅसच्या रेड्युसरला इंजिनाचंच गरम पाणी पुरवलेलं असतं. पाणी कमी झालं किंवा फिरेनासं झालं की भर उन्हाळ्यात रेड्युसर गारठतो, त्यावर दंव धरतं आणि गाडी झटके मारते. अशी गाडी गॅसवाल्याकडे ट्यूनिंगला पाठवण्याआधी सीट उचलून पाण्याची पातळी पाहा. आणखी एक धोका म्हणजे टेम्परेचरचा काटा. पाणी पार संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि वर गेलेला काटा खाली येतो. ‘थंड झाली’ म्हणून ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, आणि मग काम पंपावर थांबत नाही. हेड उतरवून फेसिंगला पाठवावा लागतो.

आता मुख्य मुद्दा पाण्याचा. खानदेशात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी तापलं की बाहेर पडतात आणि जिथे धातू सर्वांत तापलेला, तिथे आधी बसतात, म्हणजे हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती. एकदा भरलेलं पाणी तसंच राहिलं तर त्यातला क्षार एकदाच बसेल. पण गळक्या गाडीत रोज सकाळी लिटरभर ओतलं जातं. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतो आणि दुसऱ्या दिवशीचं पाणी नवा क्षार घेऊन येतं. शिवाय ब्लॉक बीडाचा, हेड आणि पंपाची बॉडी ॲल्युमिनियमची. नुसत्या पाण्यात दोन्ही धातू कुरतडले जातात. हा सगळा गाळ शेवटी नव्या पंपाच्या सीलमधून आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरतो. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची युक्ती हायवेवर अजून चालते. गळती थांबते हे खरं, पण नळ्याही बुजतात.

‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला?’ हा प्रश्न गिऱ्हाईकच नाही, मिस्तरीही विचारतात. एक गंमत अशी, की धुळ्यात कृषी महाविद्यालयाच्या आवारातला पारा डिसेंबर-जानेवारीत अनेकदा एक आकडी होतो आणि त्याच्या बातम्या होतात. तरी पाणी गोठायचा प्रश्न इथे नाही, हे मान्य. पण कूलंट गोठू नये एवढ्याचसाठी नसतं. त्यात गंज रोखणारी रसायनं असतात, सीलचं वंगण टिकवणारा गुण असतो, आणि त्याचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा थोडा वर असतो. नुसतं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं, हेही खरं आहे. म्हणून आपल्या हवेत निम्मं-निम्मं करायची गरज नाही, साधारण तिसरा हिस्सा पुरतो. डबा घेताना आयएस 5759 चा उल्लेख पाहा आणि तो तयार मिश्रणाचा आहे की कॉन्सन्ट्रेट, हे वाचा. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालणारे आणि कॉन्सन्ट्रेट तसंच ओतणारे, दोन्ही प्रकारचे लोक आहेत.

कॉन्सन्ट्रेटमध्ये मात्र बोअरचं पाणी मिसळू नका. जड पाण्यातले क्षार आणि कूलंटमधली रसायनं यांचा साका होतो आणि पैसे गाळात जातात. डिस्टिल्ड पाणी उत्तम. ते नसेल तर गल्लोगल्ली मिळणारा आरओच्या पाण्याचा जार आणून ठेवा. वीस लिटरच्या एका जारात तीन-चार ओम्नी सहज निघतात. पण आरओच्या पाण्यात गंज रोखणारं काही नसतं, तेव्हा ते कूलंटच्या जोडीनेच.

मिस्तरींची एक हरकत रास्त आहे. होज जुने, रेडिएटर पाझरणारा, कॅपचं रबर कडक झालेलं, अशा गाडीत कूलंट भरलं तर ते चार दिवसांत रस्त्यावर सांडतं आणि शिव्या गॅरेजला पडतात. म्हणून प्रेशर टेस्टर हवा. हातपंप आणि गेज लावलेलं हे साधं अवजार आपल्याकडे अजून फार थोड्या गॅरेजांत दिसतं. रेडिएटरच्या तोंडावर लावून 0.9 किलोपर्यंत, म्हणजे कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत, हवा भरायची आणि काटा खाली येतो का ते पाहायचं. बाहेर कुठेच ओल नाही आणि काटा तरी उतरतो, तर संशय हेड गॅस्केटवर घ्या, पंपाला दोष देऊ नका. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत असतील तरीही तेच.

थर्मोस्टॅट काढून फेकायची रीत खानदेशात जुनी आहे, आणि तिच्याबद्दल आम्ही नरम बोलणार नाही. थर्मोस्टॅट साधारण 82 अंशांना उघडू लागतो आणि इंजिन पुरेसं तापल्यावर पूर्ण उघडा असतो. मेच्या दुपारी तो असला काय, नसला काय, बुजलेल्या रेडिएटरला त्याने काही फरक पडत नाही. पण हिवाळ्यात सकाळी शाळेची पोरं घ्यायला निघालेली गाडी त्याच्याविना कामाच्या तापमानाला लवकर येतच नाही. पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये चिकटा धरतो, रिंगा झिजतात. अडकलेला थर्मोस्टॅट जरूर काढा आणि त्या जागी नवा घाला. बसवण्याआधी तो पातेल्यात पाणी उकळून उघडतो का ते पाहा. रेडिएटरचा पंखा स्विचवर ‘डायरेक्ट’ करून देणंही याच जातीचं. ड्रायव्हर स्विच लावायला विसरतो आणि मग ‘मिस्तरी, काय व्हयनं?’ विचारत तुमच्याच दारात येतो.

प्रत्यक्ष काम तुम्हाला येतं, तेव्हा घाई कुठे नडते तेवढंच सांगतो. पुलीचे बोल्ट पट्टा ताठ असतानाच सैल करा, नंतर पुली हातात फिरत राहते. ओम्नीत पंपापर्यंत जायला टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, तेव्हा खुणा जुळवून ठेवा आणि बेल्ट, टेन्शनर जुने असतील तर त्याच वेळी बदला. पंपासाठी एकदा आणि बेल्टसाठी पुन्हा, अशी दोनदा मजुरी गिऱ्हाइकाकडून घेणं बरं नाही. नवा पंप बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवा. इम्पेलरची उंची, छिद्रांची जागा, पुलीचं बसणं पाहा. डुप्लिकेट मालात इम्पेलर आणि घर यांच्यातलं अंतर जास्त असतं. पंप फिरतो, पण पाणी ढकलत नाही. जुनं पॅकिंग खरवडताना स्क्रू ड्रायव्हर ॲल्युमिनियमवर घालू नका, ब्लेडने निवांत काढा. सिलिकॉन लावायचंच असेल तर पातळ लावा. आत दाबलं गेलेलं सिलिकॉन पुढे रेडिएटरच्या नळीत सापडतं. 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतं. हाताच्या जोरावर आवळणाऱ्यांनी मोडलेले बोल्ट काढायला ड्रिल मारणं हा गॅरेजमधला सर्वांत कंटाळवाणा उद्योग आहे. पट्टा अंगठ्याने जोरात दाबल्यावर 6 ते 9 मिलिमीटर बसला पाहिजे. त्याहून ताठ ठेवला तर नव्या पंपाचं बेरिंग तुम्हीच संपवलंत.

नवा पंप चढवण्याआधी ब्लॉक आणि रेडिएटर धुवा. काही जण यासाठी बाथरूमचं ॲसिड वापरतात. ते क्षाराबरोबर ॲल्युमिनियमही खातं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात फिरवून, नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुतलं तरी पुष्कळ गाळ निघतो.

मग हवा काढायची. इथे अनेक जण फसतात, कारण रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला दिसतो आणि आत हवा अडकलेली असते. ड्रायव्हर शेतकरी असेल तर त्याला विहिरीवरच्या मोटारीची आठवण करून द्या: फुटव्हॉल्व्ह सुटून पाइपात हवा शिरली की मोटार फिरते, पाणी येत नाही. इथेही तेच होतं. कॅप उघडी ठेवून इंजिन थंड असताना चालू करा, होज दाबत राहा, थर्मोस्टॅट उघडून खालचा होज गरम होईपर्यंत थांबा आणि पातळी उतरेल तसं भरा. अर्धा तास जातो. तो वाचवलेल्या गाड्याच पारोळ्याच्या रस्त्यावर वाफ सोडत उभ्या दिसतात.

गिऱ्हाईक कूलंटचे पैसे देत नाही, हे आम्हाला माहीत आहे. ‘दोन महिन्यांत विकायचीय’ हे वाक्यही आम्ही ऐकलंय, आणि तीच गाडी पुढची तीन वर्षं चालताना पाहिलीय. पण ‘पंप बदलला’ असं एकाच ओळीचं बिल दिल्यावर बाकीचं काम त्याला दिसणार तरी कसं?

शाळा सुटल्या आहेत. स्कूल व्हॅनवाले आता मेमध्ये गाड्या घेऊन येतील, जूनच्या मध्यात शाळा सुरू व्हायच्या आत त्यांना त्या हव्या असतील. त्यांच्या बिलावर कूलंट, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर कॅप या तीन ओळी पंपाखाली वेगळ्या लिहा आणि खाली तारीख व किलोमीटर टाका. मालकाने त्यातली एखादी खोडली तर खोडू द्या, पण कोणती खोडली ते त्याच्या सहीनिशी बिलावर राहू द्या.