धडा घरी ऐका, पण कोणाच्या घरी?

शीळफाट्याजवळच्या वस्त्यांमधल्या आशाताईंना शिकवण्याचं काम मी करते. २०२० मध्ये कोरोनामुळे एकत्र बसणं थांबलं आणि प्रशिक्षण फोनवर आलं. त्याच सुमारास ‘उलटा वर्ग’ हा शब्द माझ्या कानावर आला. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या जोनाथन बर्गमन आणि आरॉन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. धडा घरी ऐकायचा, वर्गात तो करून बघायचा.

कल्पना चांगलीच आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल तर तो धोक्याचा, हे घरी ऐकून पाठ होतं. पण बाळाच्या छातीवर नजर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजणं, शंका आली तर पुन्हा मोजणं आणि आईला न घाबरवता दवाखान्यात न्यायला तयार करणं, हे सरावाशिवाय येत नाही. एकत्र जमण्याचा वेळ त्यासाठीच हवा.

म्हणून मी व्हिडिओ पाठवले. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर निम्म्याजणींनी पाहिलेच नव्हते. मी वहीत ‘उदासीन’ असा शेरा मारला. मग एकजण म्हणाली, “ताई, संध्याकाळी फोन मुलाकडे असतो. माझ्या हातात येतो तेव्हा मी भाकऱ्या थापत असते.” तो शेरा मी खोडला.

मैत्रिणींनो, ‘घरी शिका’ म्हणणाऱ्याच्या मनात एक रिकामी खोली असते. बाईचं घर म्हणजे तिची दुसरी पाळी. त्यातून आशा कागदोपत्री ‘स्वयंसेविका’, तिला पगार नाही, मोबदला. मग धडा ऐकण्याचा तास कुणाच्या खाती?

याचं उत्तर आपल्याकडेच सापडतं. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. तिथल्या ग्राम आरोग्य सेविका, त्यातल्या कित्येक निरक्षर, दर आठवड्याला जामखेडला येत. गावातले अनुभव आणि अडचणी मांडत, एकमेकींकडून शिकत आणि परत जात. शिकण्याचा वेळ घरकामातून चोरावा लागत नव्हता.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. धडा पाच-दहा मिनिटांचा, नेटवर्कशिवाय चालणारा आणि नुसता ऐकूनही कळणारा असावा. तो कामाच्या वेळेत, अंगणवाडीत दोघी-तिघींनी मिळून ऐकावा आणि त्या वेळेचा मोबदला मिळावा. ऑनलाइन बैठकीत भाषण नको, वस्तीतल्या अडचणींवर बोलणं हवं. हाताची कौशल्यं मात्र समोरासमोरच शिकवावीत.

एवढं केलं नाही तर वर्ग उलटा होईल, पण ओझं बाईच्याच डोक्यावर राहील. आणि न मोजलेल्या श्वासाची किंमत एखादं बाळ मोजेल.