विश्लेषण : नाताळपूर्वी चर्च चार आठवडे वाट का पाहते? ‘मध्यरात्रीची मिस्सा’ आता लवकर का होते?

नोव्हेंबर संपत आला, की मॉलमध्ये सांताच्या टोप्या, चांदण्या आणि सवलतींचे फलक लागतात. त्याच दिवसांत चर्चच्या आत मात्र जांभळा रंग दिसतो. वेदीवरची सजावट साधी असते आणि नाताळची गाणी शक्यतो राखून ठेवलेली असतात. बाहेर सण सुरू झालेला असतो, आत वाट पाहणे सुरू असते. या काळाला ‘आगमनकाळ’ म्हणतात. या काळातील प्रार्थना नेमकी कशासाठी असते, मध्यरात्रीच्या मिस्सेची वेळ का बदलली आणि ३१ डिसेंबरच्या रात्री ख्रिस्ती कुटुंबे चर्चमध्ये का जमतात, याचा हा आढावा.

आगमनकाळ म्हणजे काय?

नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांमधले दिवस म्हणजे आगमनकाळ. इंग्रजीतील ‘अ‍ॅडव्हेंट’ हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा अर्थ ‘येणे’ असाच आहे. २०२५ मध्ये हा काळ ३० नोव्हेंबरला सुरू झाला, २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला सुरू होतो. २५ डिसेंबर कोणत्या वारी येतो, त्यावर त्याची लांबी ठरते. नाताळ रविवारी आला तर पूर्ण २८ दिवस मिळतात, सोमवारी आला तर २२च. २०२३ मध्ये नाताळ सोमवारी होता. त्यामुळे आगमनकाळाचा चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या, दोन्ही २४ डिसेंबरलाच आले.

कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन अशा अनेक चर्चचे उपासना वर्ष याच पहिल्या रविवारी सुरू होते. म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरचे वर्ष संपायला महिना उरलेला असतानाच चर्चचे नवे वर्ष उजाडते. उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली ती नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. तो दिवसही आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

वाट कोणाची पाहायची?

येशूचा जन्म तर दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला, मग वाट कशाची, असा प्रश्न पडू शकतो. चर्चच्या शिकवणीनुसार या काळाला दोन टोके आहेत. पहिले टोक भविष्याकडे आहे. ख्रिस्त पुन्हा येईल आणि जगाचा न्याय करेल, या विश्वासाकडे. म्हणून सुरुवातीची वाचने ‘जागे राहा, तयार राहा’ अशा आशयाची असतात. दुसरे टोक बेथलेहेमकडे आहे. कॅथलिक उपासनेत १७ डिसेंबरपासून वाचने आणि प्रार्थना थेट जन्माच्या तयारीकडे वळतात.

या आठवड्यांत तीन व्यक्ती वारंवार भेटतात. अंधारात चालणाऱ्या लोकांना प्रकाशाची आशा देणारा संदेष्टा यशया, वाळवंटात पश्चात्तापाची हाक देणारा बाप्तिस्मा करणारा योहान आणि बाळाची वाट पाहणारी मरिया. कॅथलिक मिस्सेत एरवी रविवारी गायले जाणारे ‘ग्लोरिया’ हे गौरवगीत या काळातील रविवारी गात नाहीत. ते नाताळच्या रात्री पुन्हा ऐकू येते. बरेच भाविक याच दिवसांत पापनिवेदन करतात आणि घरातले धान्य, कपडे, पैसे गरजूंसाठी बाजूला काढतात.

सहाव्या शतकात आजच्या फ्रान्सच्या परिसरात ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून उपवास करण्याची पद्धत होती. उपवासाची ती कडक शिस्त पुढे पश्चिमेकडील चर्चमध्ये सैल झाली. मात्र केरळच्या सिरियन परंपरेत १ डिसेंबरपासून २५ दिवसांचा उपवास आजही पाळला जातो. मुंबई, कल्याण, पुण्यातील अनेक मल्याळी ख्रिस्ती घरांत या दिवसांत मांस-मासे वर्ज्य असतात.

चार मेणबत्त्यांचे कडे कुठून आले?

हिरव्या डहाळ्यांच्या कड्यात चार मेणबत्त्या आणि दर रविवारी एक जास्त पेटवायची, ही रीत आता महाराष्ट्रातील बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये दिसते. तिचे मूळ जर्मनीत आहे. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारांसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान. नाताळ किती दिवसांवर आला, हे मुलांना पाहूनच कळावे हा हेतू होता. चारपैकी तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी असते. तो ‘आनंदाचा रविवार’ समजला जातो. अर्धी वाट सरली, हे सांगणारा.

महाराष्ट्र आणि गोव्यात हा काळ कसा पाळला जातो?

मराठी भाषेशी या प्रतीक्षेचे नाते जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. मराठी ओव्यांतील या ग्रंथाचे दोन भाग आहेत. त्यातील पहिले पुराण येशूच्या जन्मापूर्वीची, म्हणजे तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या जगाची कथा सांगते.

वसई धर्मप्रांतात मराठी मिस्सा, नोव्हेना, गावोगावचे गोठे आणि नाताळगीतांची तयारी असा डिसेंबर जातो. गोठा आधीपासून उभारला जातो, पण अनेक घरांत गव्हाणी २४च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवतात. बाळ येशूची मूर्ती तेव्हाच ठेवली जाते. गोव्यात आगमनकाळाच्या सुरुवातीलाच मोठे सण येतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त आणि ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त. पूर्वी कॅथलिक चर्च आगमनकाळात थाटाचे विवाहविधी करत नसे. आज तशी बंदी नाही, तरी अनेक कुटुंबे लग्न नाताळनंतरच ठेवतात.

अहिल्यानगर, पुणे, मुंबईतील मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हाती घेऊन या काळातील भक्ती होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आणि ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा यांमुळे इथली उपासना टाळ-पेटीच्या साथीने रंगते. अनेक पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या मात्र आगमनकाळ पाळत नाहीत. त्यांच्याकडे वर्षअखेरीची प्रार्थना अधिक महत्त्वाची असते.

मध्यरात्रीची मिस्सा लवकर का होऊ लागली?

मुंबई परिसरातील अनेक चर्चमध्ये २४ डिसेंबरची मिस्सा आता रात्री १२ ऐवजी संध्याकाळी किंवा रात्री ९-१०च्या आत आटोपते. त्यामागे मुख्य कारण ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. केंद्राच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बंदीवर शिक्कामोर्तब केले. नाताळच्या मिस्सेला येणारी गर्दी चर्चच्या इमारतीत मावत नाही, म्हणून ती अनेक ठिकाणी अंगणात किंवा मैदानात होते. साहजिकच नियम तिथे लागू होतो.

सण-उत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस सवलत देता येते. पण ती सवलत रात्री १० ते १२ पर्यंतचीच असते. म्हणजे जुन्या रिवाजाप्रमाणे मिस्सा जिथे सुरू व्हायची, नेमक्या त्याच क्षणी सवलत संपते. त्यामुळे सवलत मिळाली तरी ध्वनिक्षेपक लावून बाराला मिस्सा सुरू करता येत नाही. बाराच्या आत ती संपवावी लागते. नियम सर्वच धर्मांच्या उत्सवांना सारखा आहे. गणेशोत्सव आणि नवरात्रीतही तोच प्रश्न येतो. फरक इतकाच की इथे मध्यरात्र ही वेळच सणाच्या नावात होती.

रात्री उशिरा परतणारी कुटुंबे, वृद्ध, लहान मुले आणि वाहतूक हीही कारणे आहेत. ज्येष्ठांना लवकरची वेळ सोयीची वाटते. बारा वाजता घंटा वाजताना चर्चमध्ये असण्याची सवय असलेल्यांना मात्र काहीतरी हरवल्यासारखे वाटते.

वेळ बदलली म्हणजे परंपरा मोडली का?

धर्मशास्त्राच्या दृष्टीने नाही. कॅथलिक प्रार्थनाग्रंथात या विधीचे नाव ‘रात्रीची मिस्सा’ आहे, ‘मध्यरात्रीची’ नव्हे. नाताळसाठी पूर्वसंध्या, रात्र, पहाट आणि दिवस अशा चार वेगवेगळ्या मिस्सा दिलेल्या आहेत. खुद्द व्हॅटिकनमध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात २००९ मध्ये ही मिस्सा रात्री १० वाजता आणली गेली. २०२० मध्ये करोना संचारबंदीमुळे ती संध्याकाळी साडेसातला झाली.

जगात इतरत्रही घड्याळ कामाप्रमाणे हलले आहे. फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटेच्या मिस्सा होतात. शेतावर जाणाऱ्यांसाठी ती वेळ सोयीची होती. आता शहरांत नोकरदारांसाठी त्या आदल्या संध्याकाळीही होतात. आखातात शुक्रवारी सुटी असणाऱ्या देशांत रविवारची उपासना शुक्रवारीही होते. वसई आणि गोव्यातून तिकडे गेलेले कामगार आगमनकाळाची पहिली मेणबत्ती अनेकदा शुक्रवारीच पेटलेली पाहतात.

३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये काय होते?

‘थर्टी फर्स्ट’च्या रात्री हॉटेले आणि समुद्रकिनारे भरतात, तशी अनेक चर्चही भरतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांमधील या जागरणाच्या उपासनेची मुळे १८व्या शतकातील मोरावियन आणि मेथडिस्ट चळवळींत आहेत. इंग्लंडमध्ये किंग्जवुडच्या खाण कामगारांनी, जी रात्र पूर्वी दारूच्या गुत्त्यात जायची ती प्रार्थनेत घालवायला सुरुवात केली. जॉन वेस्ली यांनी १७४०च्या दशकात ही पद्धत स्वीकारली. तेव्हा ती महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या सुमारास होत असे, म्हणजे परतताना चांदण्याचा उजेड मिळे. कालांतराने ती वर्षाच्या शेवटच्या रात्रीशी जोडली गेली. अमेरिकेत ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री गुलामगिरीविरुद्धच्या घोषणेची वाट पाहत कृष्णवर्णीय लोक चर्चमध्ये जागे राहिले. अब्राहम लिंकन यांची ती घोषणा दुसऱ्या दिवशी अमलात आली. तिथल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये या रात्रीला म्हणूनच वेगळे स्थान आहे.

मराठी मंडळ्यांत या रात्री वर्षभरातील अनुभवांची ‘साक्ष’ दिली जाते. आजारातून उठलेले, नोकरी लागलेले, घरातले माणूस गमावलेले लोक उभे राहून बोलतात. त्यानंतर चुकांची कबुली, आभार आणि नव्या वर्षासाठी बायबलमधील एखादे वचन. कॅथलिक चर्चमध्ये ३१च्या संध्याकाळी ‘ते देउम’ हे आभारगीत गाण्याची परंपरा आहे. १ जानेवारी हा देवमाता मरियेचा सण असतो आणि १९६८ पासून तो ‘जागतिक शांती दिन’ म्हणूनही पाळला जातो. वांद्रे, वसई, गोव्यात याच रात्री जुन्या वर्षाचा ‘म्हातारा’ जाळतात. तो लोकाचार आहे, उपासनेचा भाग नाही.

मग नाताळ नेमका संपतो कधी?

बाजारात २५ डिसेंबर हा शेवट असतो. दुसऱ्या दिवशी सजावट उतरते. चर्चमध्ये मात्र २५ला सण सुरू होतो. पहिले आठ दिवस, १ जानेवारीपर्यंत, एकाच मोठ्या सणासारखे पाळले जातात. या आठवड्यातले सण केवळ गोड नाहीत. २६ डिसेंबर हा पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफनचा आणि २८ डिसेंबर हेरोद राजाने मारलेल्या बालकांच्या स्मरणाचा दिवस असतो. ६ जानेवारीला गोव्यात रेइश मागुश, कासावली, चांदर येथे तीन राजांचे फेस्त होते. कॅथलिक उपासनेत नाताळचा काळ येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास चालतो.

प्रश्न वेळेचा की वाट पाहण्याचा?

मिस्सा बाराला की आठला, हा प्रश्न नियमांनी बऱ्याच अंशी सोडवला आहे आणि चर्चने तो स्वीकारलाही आहे. उरलेला प्रश्न अधिक अवघड आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच शाळा, कार्यालये आणि गृहसंकुलांत नाताळचे कार्यक्रम उरकले जातात. चर्चच्या गायकवृंदांनाही तिथे बोलावले जाते. प्रत्यक्ष २५ तारीख येते तोवर गाणी गाऊन आणि केक खाऊन झालेला असतो. त्यात आगमनकाळाचा मूळ आशय मागे पडतो. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी शांतपणे तयार राहायचे, हा तो आशय.

म्हणूनच अनेक धर्मगुरू या महिन्यात मिस्सेच्या वेळेपेक्षा घरातल्या सवयींवर भर देतात. जेवणापूर्वी एक मेणबत्ती आणि पाच मिनिटांची प्रार्थना, एखाद्या आजारी शेजाऱ्याची भेट, जुने भांडण नाताळआधी मिटवणे. यासाठी ध्वनिक्षेपकाची परवानगी लागत नाही आणि रात्री १०ची मर्यादाही आड येत नाही.