फरशी एकदाच फोडायची

हार्डवेअरच्या काउंटरवर हा संवाद तुम्ही कितीदा ऐकला असेल? "भाऊ, बाथरूमखालचा पाइप चिरलाय. वरून लावायला काहीतरी द्या." आपण पुट्टीचं पाकीट देतो, पैसे गल्ल्यात टाकतो. गिऱ्हाईक खूश, आपणही खूश.

माझं मत स्पष्ट आहे. उघड्या पाइपला तात्पुरती पुट्टी ठीक, पण फरशीखाली गाडल्या जाणाऱ्या पाइपसाठी ती विकू नका. मी विकली होती. शेजारच्या बोल्हेगावातले घरमालक, खोल्यांमध्ये एमआयडीसीतले कामगार भाड्यानं. पावसाळा संपायच्या आत भिंतीला ओल आली आणि नवी फरशी परत फोडावी लागली. त्या शेडची टाइल मिळालीच नाही. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त पुढचा सगळा माल दुसऱ्या दुकानातून घेतला.

आता हिशोब करा. या कामात सगळ्यात स्वस्त काय? पाइपचा तुकडा. महाग काय? फोडाफोड, मजुरी, टाइल, बंद बाथरूम. स्वस्तात वाचवून महाग काम दोनदा करायचं, हा कुठला धंदा?

चीर का पडते तेही गिऱ्हाइकाला सांगा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भरावातला एखादा दगड पाइपला टेकलेला असला की सगळा जोर तिथेच येतो. कारण तसंच ठेवलं तर पुट्टी किती दिवस धरणार?

म्हणून सल्ला द्या तो असा:

१. चिरलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंनी चांगला पाइप लागेपर्यंत कापा. नवा तुकडा सरकत्या कपलरनं बसवा.

२. सांडपाण्यासाठी आयएस १३५९२ मधला टाइप बी पाइपच द्या. टाइप ए पातळ असतो, तो पावसाचं पाणी आणि हवेच्या पाइपसाठी.

३. खाली दगड नको, वाळू दाबून भरा. उतार मीटरला दोन-अडीच सेंटीमीटर.

४. सॉल्व्हंट पूर्ण वाळू द्या. मग पुढचं तोंड बंद करून पाइप पाण्यानं भरा, पातळीची खूण करा आणि थांबा. पाणी उतरलं नाही तरच कोबा.

चौथी पायरी सगळे गाळतात, कारण मिस्त्रीला घाई असते. तुम्ही प्लंबर असाल तर या चाचणीचे वेगळे पैसे लावा, लाजू नका. बुजवण्याआधी फोटो काढून मालकाला पाठवा. दुकानदार असाल तर सरकते कपलर कायम स्टॉकमध्ये ठेवा. माल नसला की माणूस पुट्टीकडेच वळतो.

गिऱ्हाईक म्हणेल, "एवढं कशाला?" तेव्हा एकच विचारा, "दादा, फरशी एकदा फोडायची की दोनदा?"

एखादी विक्री जाईल. जाऊ द्या. माणूस परत येईल.