वैद्यांचीं दप्तरें: पूजा कीं वाचन?

परभणी जिल्ह्यांतील ज्या वैद्यघराण्यांनीं पूर्वजांच्या सनदा, औषधांचीं बाडें आणि रोग्यांच्या नोंदी आजवर जपल्या, त्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु दप्तर रुमालांत बांधून दसऱ्यास त्यावर गंधाक्षता वाहिल्या कीं जतन झालें, ही समजूत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. दरबारची भाषा प्रथम फारसी, पुढें उर्दू. त्यामुळें सरकारी कागद फारसी लिपींत, घरचा हिशेब मोडींत आणि संस्कृत ग्रंथ बाळबोधींत. आजच्या कर्त्या पिढीस यांपैकीं किती वाचतां येतें? वाळवीस मात्र तिन्ही लिपी सारख्याच!

विद्या बाहेर गेली कीं तिचा गुण जातो, असें कोणी म्हणेल. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७९८–१८३२) पदरीं नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह लिहून ठेवल्या गेल्या. म्हणूनच त्या आजच्या नेत्रवैद्यांसही अभ्यासतां आल्या. दुसरें भय चोरीचें. पण जखमेवरील हळदीच्या उपयोगाचें अमेरिकेंत १९९५ सालीं दिलेलें पेटंट १९९७ सालीं रद्द झालें, तें प्रसिद्ध ग्रंथ व लेख यांच्या पुराव्यावर. पेटींत दडविलेलें बाड तेथें काय साक्ष देणार?

मूळ कागद खुशाल घरीं ठेवा, रोग्यांचीं नांवें झांका. परंतु मोडी जाणणारास ते दाखवा, त्यांच्या छबी घ्या आणि एक प्रत ग्रंथालयास द्या. पूर्वजांनीं तें सारें लिहिलें, तें कोणीं तरी वाचावें म्हणूनच ना?